तिच्यासाठी राखून ठेवलेला दात

परवाना मंडळाच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनो, एका शिकल्यासवरल्या मुलीला तुम्ही लोकांच्या तोंडात डोकावत दारोदार हिंडवलंत. हा आरोप आहे, आणि तो तोंडावर केलेला आहे. आता म्हणे तुमच्या परीक्षेत प्लास्टिकचे दात चालतात. तेव्हा चालत नव्हते. परदेशात शिकलेल्या दंतवैद्याने आपला पेशंट आपणच शोधून आणायचा, आणि त्याच्या तोंडात कीड हवी तीही तुमच्या मापाची! दोन दातांच्या फटीतली, एक्स-रेत दिसणारी, पण दाताच्या नसेपर्यंत न पोचलेली. लग्नाच्या स्थळालासुद्धा कुणी इतक्या अटी घालत नाही.

आपल्या देशात तिने पाच वर्षं दात काढले होते, भरले होते. इथे ती एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात थुंकी ओढणारी नळी धरून उभी राहायची. वर्षभरात परवाना मिळाला तर ठीक, नाहीतर बोचकं बांधून परत.

अशातच एका दुपारी ती दवाखान्याच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकली.

वरचं झाकण सरकलं. टॉर्चच्या उजेडात एक चेहरा डोकावला आणि तोंडभर हसला.

"घाबरू नका हं. पाच मिनिटांत बाहेर काढतो."

"थांबा!" ती टाचा उंचावून म्हणाली. "तसेच हसत राहा."

"अं?"

"डावीकडे, वर... चौथा दात. दुखतो का हो?"

"बाई, अडकलंय कोण, तुम्ही की मी?"

अडकला तोच. तासाभरात तो लिफ्ट दुरुस्त करणारा दवाखान्याच्या खुर्चीत होता, आणि ती एक्स-रे उजेडाला धरून अशी काही हसली, की त्याला वाटलं आपण काहीतरी जिंकलोय.

"इतकी सुंदर कीड मी आजवर पाहिली नाही."

"लोक माझ्या डोळ्यांचं कौतुक करतात."

"डोळे मंडळाला चालत नाहीत."

परीक्षा महिन्यावर होती. तोवर तो दात कुणी भरायचा नाही, आणि दर शुक्रवारी त्याने तो दाखवायला यायचं, असं ठरलं. मग मंडळाने तारीख पुढे ढकलली... हॉलला रंग द्यायचाय म्हणे. पुन्हा ढकलली... परीक्षक गावाला गेलेत. तिसऱ्यांदा तर कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. आणि दर तारखेबरोबर त्याचे शुक्रवार वाढत गेले. काम आटोपलं की तो ग्रीसचे हात घासून धुवायचा, ओल्या केसांवरून कंगवा फिरवायचा आणि खुर्चीत बसून 'आ' करायचा. ती आरसा आत सरकवायची. तिची बोटं त्याच्या गालाला लागायची, आणि दोघंही ते लक्षात न आल्यासारखं करायची. 'तुम्ही'चं 'तू' कुठल्या शुक्रवारी झालं, ते दोघांनाही आठवत नाही.

"काय म्हणतेय माझी कीड?"

"शहाण्यासारखी बसलीय. तुझ्यापेक्षा बरी."

"मग तिच्याशीच लग्न लावून दे माझं."

"परीक्षा होऊ दे. मग बघू," ती म्हणाली, आणि आरसा उगाच दोनदा पुसला.

फोनवर आई विचारायची, "अगं, मुलगा दिसायला कसाय?"

"एक दात किडलाय, बाकी एकतीस छान आहेत."

"सगळ्या जगात तुला हाच सापडला का गं?"

शेवटी तारीख पक्की झाली. नऊ दिवस उरले होते. बाहेर रिमझिम होती, तो भिजून आला. तिने पाण्याचा ग्लास दिला. त्याने मान उजवीकडे कलती केली आणि हळूच घोट घेतला.

ती पाहतच राहिली. डावीकडे गार लागू नये म्हणून माणूस असाच पाणी पितो.

"कधीपासून दुखतंय?"

"मान लचकलीय जरा."

"माझ्याशी खोटं बोलतोस?"

"...तीन आठवडे. पण झोप लागते गं. कधीकधी."

तिने नवा एक्स-रे काढला. काळी सावली नसेच्या अगदी काठावर आली होती. मंडळाच्या मापात अजून बसत होती! आज भरला तर नस वाचणार होती. नऊ दिवसांनी... बहुतेक नाही.

"भरायचा नाही," तो म्हणाला. "नऊ दिवस म्हणजे काय? दात माझा आहे."

"पेशंट माझा आहे."

"तुझा कसा? परवाना कुठाय तुझ्याकडे?"

"नाही ना, म्हणून तर बाईंना हाक मारतेय. नाहीतर आत्ता मीच भरला असता. बस खाली!"

बाईंनी दोन्ही एक्स-रे पाहिले, तिच्याकडे पाहिलं. "पोरी, नऊ दिवसांत दुसरा पेशंट मिळायचा नाही. ह्या महिन्यात तुझी मुदत संपतेय."

"माहितीय."

बाईंनी इंजेक्शन भरलं. ती नळी धरून उभी राहिली. ड्रिलचा आवाज सुरू झाला, तसं तिची परीक्षा, वर्षभराची उभ्याने केलेली नोकरी, सगळं तिच्याच हातातल्या नळीतून वाहून गेलं. तिने हात हलू दिला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुखण्याचं नव्हतं, कारण डावा गाल तर पार बधिर झाला होता.

बाई हात धुवायला आत गेल्या. त्याने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. नुसतं "ह्हं... व्हं..." असं काहीतरी बाहेर पडलं.

"गप. आधी माझं ऐक," ती म्हणाली. तोंडावरचा मास्क तिने खाली ओढला. ती त्याच्यावर चिडल्यासारखीच बोलत होती. "महिनाअखेर मी परत जातेय. तिकडे मी डॉक्टर आहे, कुणाला विचारावं लागत नाही. आणि लिफ्ट तिकडेही बंद पडतात... रोज पडतात. येणार आहेस का तू माझ्याबरोबर?"

त्याने मान डोलावली.

"मान नको. तू भेटायच्या आधी पेशंट शोधत हिंडताना सहा महिने लोकांनी मला नुसत्या माना हलवून टोलवलंय. तोंड वाकडं झालं तरी चालेल, पण शब्दांत सांग. येणार की नाही? बोल!"