धुक्यातली मुकी गाडी

"आकाश, डाव्या अंगानं चल! किती वेळा सांगू?"

"डावं-उजवं दिसाय तर पायजे ना! माझंच नाक मला दिसंना!"

माया खुदकन हसली. शेजारच्या आकाशचं म्हणणं खरंच होतं. धरणाच्या पाण्यावरून उठलेलं धुकं हिर्डोशीच्या खालच्या उतारावर असं दाटलं होतं, की पुढच्या सायकलचं मागचं चाकसुद्धा दिसत नव्हतं. सव्वासहा वाजले होते. पाण्यावर उतरणाऱ्या बदकांचं चित्रण करायचं, हा बेत होता शेफालीचा. शेफाली म्हणजे मायाची मावसबहीण. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याहून आली होती, तीही स्वतःची सायकल टेम्पोत घालून! सायकलच्या हँडलला काड्यापेटीएवढा कॅमेरा बसवलेला होता.

"हा आईचा जुना कॅमेरा," शेफाली सांगत होती. "ती सायकलनं कामावर जाते ना? एकदा उलट्या बाजूनं आलेल्या मोटारीनं तिला घासलं. आईनं चित्रण पोलिसांना पाठवलं. त्या माणसाला दंड झाला. व्हायलाच हवा होता!"

"गप!" माया एकदम म्हणाली. "ऐका."

तिघांनी पाय टेकले. वरून, धुक्यातून, आवाज येत होता. छुम... छुम... छुम. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांसारखा. पण बैलांच्या खुरांचा आवाज नव्हता. इंजिनाचा नव्हता. उजेडाचा ठिपका नव्हता.

"बैलगाडी आसंल," आकाश पुटपुटला.

आणि मग धुक्याचाच एक भलामोठा तुकडा सुटून त्यांच्यावर धावून आला! पांढरा, उंच, मुका. मायाच्या कोपराला गार वाऱ्याचा फटका बसला. आकाश सायकलसकट रस्त्याकडेच्या चरात कोसळला. ओल्या डांबरावर सरसर असा आवाज झाला, घुंगरं एकदा खळखळली आणि सगळं पुन्हा शांत झालं. जणू काही गेलंच नव्हतं.

माया आणि शेफालीनं आकाशला चरातून वर ओढलं. मग खालून काठी टेकत एक म्हातारा वर आला.

"आबा!" माया धावली. चिमाजीआबांचा गोठा तिथंच, वळणापाशी होता. "तुमी पायलं? आत्ता काय गेलं?"

"म्या बघत न्हाई पोरी. घुंगरं वाजली की म्या डोळं मिटून उभा ऱ्हातो." आबांनी काठीनं धरणाकडे दाखवलं. "जुना रस्ता धरणात बुडाला. त्या रस्त्यावरची गाडी आजून गावाची वाट हुडकतीया. परवा माझं रेडकू हितंच पडलं व्हतं, बरगड्या मोडून. म्या धा पावलांवर व्हतो. गाडी आल्याचा आवाज म्हनून न्हाई! हितं फिरू नगा. घरी जा."

बदकं राहिली बाजूलाच. तिघं जवळजवळ पळतच घरी आली.

बाबा भात कापायला शेतावर गेले होते. आई तर कधीच सहाच्या वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपनं, वरव्याकडच्या कंपनीत कामाला गेली होती. शेफालीनं कॅमेरा मोबाईलला जोडला. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कट्ट्यावर तिघं डोक्याला डोकं लावून बसली.

पडद्यावर आधी नुसतं धुकं. मग पांढरा पट्टा. सर्रकन आला, सर्रकन गेला.

"थांबव. मागं घे. हळूहळू," माया म्हणाली.

शेफालीनं चित्र एकेक करून पुढं सरकवलं. पांढऱ्या पट्ट्यात काळ्या चौकटी दिसू लागल्या. खिडक्या! आणि खिडक्यांत तोंडं होती. पाच... सहा... सात. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माना एकाच बाजूला लटकलेल्या. एकाचं तोंड उघडं, काचेला चिकटलेलं.

"मेलेली मान्सं!" आकाशनं उशीत डोकं खुपसलं.

मायानं मात्र डोळे मिटले नाहीत. ती चौथ्या खिडकीकडे बघत होती. हिरवा रुमाल, कपाळावर घट्ट बांधलेला. नाकावर तीळ.

"आई," ती म्हणाली. "शेफाली, ही माझी आई हाय."

कामावर असताना आईला मोबाईल जवळ ठेवता येत नसे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे साडेबारापर्यंत वाट बघायची होती. माया उंबऱ्यावर जी बसली ती हललीच नाही. शेफालीनं पोहे आणून ठेवले, ते गार झाले. 'सकाळी तिनं माझं पांघरूण सारखं केलं होतं,' माया मनात म्हणत होती. 'हात गरम होता. गरमच होता.'

बरोबर साडेबाराला तिनं फोन लावला. एक रिंग... चार रिंगा... सहा...

"काय गं? जेवली का न्हाई?"

मायाला रडूच कोसळलं.

"अगं, झालं काय?" आई घाबरली. सगळं ऐकल्यावर मात्र ती हसायलाच लागली. "येडी! आमी सगळ्या झोपलेलो आसतो. पाचाच्या आधी उठायचं, सैपाक करायचा. कुमारच्या जीपमदी बसलं की डोळा लागतो, तो एकदम भोरला उघडतो."

"आन् घुंगरं?"

"ती व्हय! दसऱ्याला त्यानं बैलाची माळ जीपला बांधलीया पुढं."

मायानं डोळे पुसले. "आई, परवा जीपला काय धडकलं व्हतं का?"

"दणका बसला व्हता खरा. कुमार म्हनला, खड्डा व्हता." आईचं हसू थांबलं होतं. "का गं?"

फोन ठेवल्यावर शेफाली म्हणाली, "भूत नाही ते कळलं. पण जीपला आवाज का नाही?"

"ह्यॅ! सोप्पंय!" इतका वेळ उशीत असलेला आकाश ताठ बसला. "उतारावर आपण पायडल मारतो का? सायकल आपसूक येती. कुमारकाका इंजिन बंद करतोय! डिझेल वाचवाय!"

शेफालीचा चेहरा उतरला. तिच्या पप्पांचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं. "इंजिन बंद केलं की ब्रेक दगडासारखा होतो, माहितेय? सगळ्या अंगाचं वजन टाकलं तरी नीट लागत नाही. स्टिअरिंगसुद्धा जड होतं. आणि दिवेही लावत नाही तो! बॅटरी वाचवायला असेल."

आणि आत माणसं झोपलेली. माया उठलीच. "मी काकाशी बोलते."

कुमार काही वाईट माणूस नव्हता. कुणी आजारी पडलं तर अर्ध्या वाटेवरून परत फिरणारा, भोरहून सगळ्यांची औषधं आणणारा. संध्याकाळी मायाचं बोलणं त्यानं ऐकलं आणि दात कोरत हसला.

"बारा वरसं हा रस्ता तुडवतोय म्या. डोळं झाकून चालवीन!"

"आन् आबांचं रेडकू?"

हसू मावळलं. "हे बघ माया, जास्त शानपना करू नगं. हितं एसटी किती येत्यात ते ठाव हाय ना? माझी जीप थांबली, तर तुझी आई कंपनीत काय उडत जाईल?"

बाहेर आल्यावर माया म्हणाली, "त्याचं बी खरंय. आईचा खाडा झाला तर तिला कामावरून काढत्याल."

"आणि ब्रेक लागला नाही तर?" शेफालीनं विचारलं.

थोडं चालल्यावर मायानं विचारलं, "पोलिसांना काय काय लागतं?"

"जागा, वेळ आणि गाडीचा नंबर. आपल्या चित्रणात नुसती पांढरी गाडी दिसते. नंबरावर चिखल आहे."

"चिखल व्हय?" आकाशच्या डोळ्यांत चमक आली. तो मागं वळून ओरडला, "कुमारकाका! जीप लई घाण झालीया. धुऊ का?"

"धू की! शानं पोरगं!" कुमार खूश झाला.

आकाशनं दोन बादल्या पाणी ओतून जीप अशी घासली, की नंबराचा आकडा अन् आकडा लखलखू लागला!

रात्री जेवताना मायानं आईला सगळं सांगितलं. उद्या जाऊ नकोस, म्हणून हट्ट धरला. आईनं मान हलवली. "जावं तर लागंलच. पर मी पुढं बसंन. डोळा लावनार न्हाई, शब्द देते."

दुसऱ्या दिवशी धुकं आणखीच दाट होतं. उतार सुरू होतो तिथं, कठड्याच्या आतल्या बाजूला, शेफाली सायकल आणि कॅमेरा लावून बसली. खाली वळणावर कुणी रस्त्यात येऊ नये म्हणून माया आणि आकाश उभे होते. झाडांवरून टपटप थेंब गळत होते. पाण्याकडून कुठलासा पक्षी माणसासारखा कण्हला. आकाशनं मायाचा हात घट्ट धरला.

वरून इंजिनाची घरघर आली. आणि मध्येच, गळा दाबावा तशी, बंद पडली.

छुम... छुम...

"आली," आकाश कुजबुजला.

त्याच क्षणी मायाला मागून दुसराच आवाज आला. जड, ओले पाय. एक नाही, पुष्कळ! धुक्यातून शिंगं पुढं आली. चिमाजीआबांच्या म्हशी! आज ते लवकर निघाले होते आणि कळप रस्ताभर पसरला होता. मधोमध आबा उभे होते. घुंगरं ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"आबा, बाजूला व्हा! आबा!"

आबा हलेनात. आकाशनं धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि ओढायला लागला. मायानं हातातली शेफालीची बॅटरी पेटवली आणि उताराच्या दिशेनं गरागरा फिरवत, छाती फुटेल इतक्या जोरानं ती ओरडली,

"आई! आई गं! थांबवा!"

धुक्यात पांढरं काहीतरी दिसू लागलं. मोठं होत गेलं. आणि आतून आईची किंकाळी आली, "कुमार, म्हसरं! ब्रेक दाब, ब्रेक!"

"लागंना! लागंना!"

करकर करत काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. जीप तिरकी झाली, डोंगराकडच्या मातीत घुसली, दगड घासत, झुडपं मोडत पुढं आली... आणि थांबली. सगळ्यात पुढच्या म्हशीच्या शिंगापासून जेमतेम दोन हातांवर.

घुंगरं हळूहळू हलायची थांबली. म्हैस फुरफुरली. मगच आतल्या बायका जाग्या होऊन ओरडू लागल्या.

कुणाला खरचटण्यापलीकडे लागलं नव्हतं. आई खाली उतरली. तिनं मायाला आणि आकाशला एकदमच कवेत घेतलं. कुमार तसाच बसून होता, हातब्रेकवरची मूठ सुटत नव्हती. आबा त्याच्या खिडकीशी गेले.

"माझं रेडकू तूच मारलंस व्हय रं?"

कुमारनं मान खाली घातली. तोवर शेफाली धापा टाकत पोचली. "सगळं आलंय! इंजिन बंद झाल्याचा आवाज, विझलेले दिवे, नंबरसुद्धा!"

कुमार एकदम भानावर आला. "माधुरीवैनी, पोरींना सांगा. नगा पाठवू. माझ्या पोटावर पाय नगा देऊ. उद्यापासनं इंजिन चालू ठेवीन, आईशप्पत!"

सगळ्या बायका मायाच्या आईकडे बघू लागल्या. तिलाच तर ह्याच जीपनं रोज जायचं होतं.

"कुमार, रेडकू धडकलं आन् तू आमाला खड्डा सांगितलास," आई शांतपणे म्हणाली. "आमी झोपलेल्या व्हतो. तुझ्या भरवशावर." मग ती मायाकडे वळली. "पाठव."

मायानं चित्रण पोलिसांना पाठवलं. तिनं जागा, वेळ आणि नंबर नीट लिहिला.

तिसऱ्या दिवशी भोरहून हवालदारबाई आल्या. त्यांनी चावडीपुढं सगळ्यांसमोर ते चित्रण पाहिलं. जीप तपासली, तर ब्रेकसुद्धा पार झिजलेले निघाले. कुमारवर गुन्हा दाखल झाला आणि त्याचा परवाना आरटीओकडे पाठवला गेला. "वळणाच्या पुढं खाली धरण आहे," बाई गावकऱ्यांना म्हणाल्या. "जीप त्यात गेली असती, तर आज इथं मी वेगळ्याच कामाला आले असते. या तिघांनी डोकं वापरलं. फक्त पोरांनो, पुन्हा असं काही दिसलं तर आधी मोठ्या माणसाला सांगायचं, रस्त्यात उभं राहायचं नाही. कळलं?"

"व्हय मॅडम!" आकाशनं कडक सलाम ठोकला. चावडी हसली.

"पोरांनी मला डोळं उघडाय लावलं," चिमाजीआबा म्हणाले आणि त्यांनी तिघांच्या हातावर एकेक लोण्याचा गोळा ठेवला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी जीप नव्हती. खालच्या फाट्यावर दुसरी वडाप मिळायची, तिथवर दोन किलोमीटर चालायचं होतं. आई आणि सहा बायका अर्धा तास लवकर निघाल्या. पुढं शेफालीच्या सायकलचा दिवा, मागं आकाशची बॅटरी, आणि मध्ये आईच्या बाजूनं माया. धुकं होतंच.

"आई, माझ्यामुळं तुला चालाय लागतंय," माया हळूच म्हणाली.

आईनं तिचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "काल चावडीवर समद्या बाया मला काय म्हनल्या, ठाव हाय? माधुरी, तुझ्या लेकीनं आपल्याला येळेवर उठवलं."

फाट्यावर जीप उभी होती, इंजिन धडधडत, दोन्ही दिवे लावून. आई चढली. ती पुढच्या बाकावर बसली आणि काचेतून हात हलवत राहिली. तिचे डोळे टक्क उघडे होते.