भुऱ्याच्या गालावरचे तीन ठिपके

पहिल्याच भेटीत आमच्या भुऱ्यानं डाक्टरची पॅन्ट फाडली.

चांद्याच्या जनावरांच्या दवाखान्यासमोर मी बैलगाडीतून उतरत होते. हातातला दोर निसटला अन् भुऱ्या थेट समोरून सायकल ढकलत येणाऱ्या उंच, सावळ्या माणसावर जाऊन पडला.

"बाई, कुत्रं धरा!"

"तुम्ही पळू नका! पळणाऱ्यालेच धरते तो!"

तो थांबला. त्यानं फाटक्या पॅन्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे... अन् हसला. मेला हसला कसा! माझ्या छातीत डफच वाजला.

त्याचं नाव नीळकंठ वैरागडे. नागपूरहून एक्स-रेची मशीन घेऊन आलेला जनावरांचा डाक्टर. मी गिरजा, गोंडपिपरीकडची ढिवराची पोर. माझा बाप केवळराम तळ्यावर जाळी टाकायचा अन् भुऱ्या मासे पळवणाऱ्या पाणमांजरांना हाकलायचा. त्याच्या उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा गाव म्हणालं, जंगलात सोडून दे. मी त्याला गाडीत घातलं अन् चांद्याला मावशीकडे येऊन राहिले.

डाक्टरनं गाठ चाचपली. चेहरा उतरला त्याचा.

"कॅन्सर आहे. मशीनच्या किरणांनी जाळता येईल. एक दिवसाआड, दहा वेळा. पण दरवेळी याचं डोकं अगदी त्याच जागी पाहिजे. बोटभर सरकलं तर किरण डोळ्यात जातील. मग डोळा गेला समजा."

"अन् नाई सरकलं तर?"

"तर गाठ जाईल... बहुतेक."

"बहुतेक काय असते, डाक्टर? मासा जाळ्यात असते, नाई तर नसते!"

तो पुन्हा हसला. मी मान फिरवली. नाहीतर त्याला दिसलं असतं.

भुऱ्याला झोपेचं इंजेक्शन दिलं. डाक्टरनं त्याला कुशीवर निजवलं, जबड्याखाली वाळूच्या पिशव्या लावल्या, नाकापासून कानापर्यंत सुतळीनं मापं घेतली. मशीनच्या दांडीला शिशाचा पत्रा होता, त्याला रुपयाएवढं भोक. गाठ बरोबर भोकाखाली आली तेव्हा त्यानं गालावर जांभळ्या शाईनं खुणा केल्या. मग आम्ही दोघं बाहेर. भिंतीत एक जाड काच, वीतभर. मशीन चार मिनिटं घूं-घूं करणार अन् आम्ही त्या वीतभर काचेतून बघणार.

"जरा सरका," मी म्हटलं.

"कुठी सरकू? भिंत आहे."

त्याच्या अंगाला साबणाचा वास... माझ्या अंगाला मासोळीचा असणारच. तो सरकला नाही. मीही नाही.

दुसऱ्या वेळी गेले तर डाक्टर भुऱ्याच्या गालाकडे बघतच राहिला.

"खुणा कुठी आहेत?"

"ते जांभळं औषध? करंजीचं तेल लावून मस्त चोळलं दोन दिवस. मुरलं पार आत!"

तो मटकन स्टुलावर बसला. "गिरजाबाई... ते औषध नव्हतं. जागेची खूण होती!"

"मग तसं बोलायचं होतं ना! दवाखान्यातलं जांभळं म्हणजे औषधच. खूण असते हे मले काय माहीत?"

तोंड चाललं माझं, पण मनात कळलं होतं. माझ्याच हातानं मी भुऱ्याचा डोळा पणाला लावला होता.

"अंदाजानं मी मशीन लावणार नाही," तो म्हणाला. "पुन्हा मापं घेईन. पण पुन्हा पुसलं तर?"

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं... हिरवं गोंदण. अन् ओरडलेच, "गोंदून टाकू! मरेपर्यंत जात नाई!"

"कुत्र्याले?"

"काऊन? त्याले कातडं नाई?"

"अन् गोंदणार कोण?"

"तुमच्यासमोर उभी आहे. गोंदणाऱ्या चंदाबाईच्या हाताखाली शिकली मी."

त्यानं सुया उकळल्या, मी दिव्याची काजळी धरली. झोपलेल्या भुऱ्याचं डोकं त्यानं दोन्ही हातांनी धरलं. गाठीपासून दूर, चांगल्या कातडीवर, मी एक एक करून तीन ठिपके टोचले.

"हात कापून राह्यला तुमचा, डाक्टर."

"तुमची वेणी माझ्या मनगटावर पडली आहे."

"मग बाजूला करा ना."

"डोकं हलू द्यायचं नाही... मीच सांगितलं आहे."

त्यानं पत्र्याला तीन खाचा पाडल्या. तीन खाचांत तीन ठिपके दिसले की भुऱ्या जागेवर! त्यानंतर सगळं झकास चाललं.

सहाव्या वेळी मात्र इंजेक्शन कमी पडलं. मशीन सुरू होती. काचेतून मला कानाजवळचा ठिपका खाचेतून हळूच निसटताना दिसला.

"बंद करा! डाक्टर, बंद!"

खटका पडला. तो आत धावला, बाहेर आला तो घामानं भिजलेला.

"तुम्ही पाहिलं नसतं तर..."

"अन् तुम्ही कुठी पाहून राह्यले होते?"

त्याचे कान लाल झाले. "चूक झाली. आता काचेतूनच बघीन."

अन् खरंच! पुढच्या चारही वेळा डोळे काचेला चिकटवून उभा. एकदा इकडे बघेल तर शपथ! शहाणपणानं वागला, अन् मला असा राग आला, असा राग आला...

दहा वेळा पूर्ण झाल्या. गाठ सुकत चालली होती. "डोळ्याचं महिन्यानं कळेल," तो म्हणाला, "मी येईन." मी मागं न बघता गाडीत बसले.

महिन्यानं तो खरंच आमच्या तळ्यावर आला. बाबा गुडघाभर पाण्यात जाळं धरून उभे. गाठीच्या जागी नुसता चट्टा होता. डाक्टरनं भुऱ्याचा डावा डोळा तळहातानं झाकला.

"आवाज न करता बगळ्याचं पीस हलवा. उजवीकडून."

मी सुताला बांधलेलं पीस धरलं. एकदा हलवलं. भुऱ्या ढिम्म. दुसऱ्यांदा... तरी ढिम्म. तिसऱ्यांदा भुऱ्यानं मान वळवली अन् खप्पकन पीस तोंडात!

"दिसते! बाबा, त्याले दिसते!" मी नाचायलाच लागले. बाबा जाळ्यासकट पाण्यात बसले.

डाक्टर हसला, मग एकदम गंभीर झाला. "केवळरामभाऊ, मले एक विचारायचं आहे..."

"कुत्र्याचं का?"

"नाही. गिरजाचं."

बाबांनी तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. "त्याईले काय विचारता? मले तोंड नाई?"

तो माझ्याकडे वळला. आज काच नव्हती, मशीन नव्हती, बघायला मीच होते.

"मग... येशील चांद्याले? माझ्या घरी?"

"घरी चला अगोदर," मी म्हटलं. "मायसमोर विचारा. मी हो म्हणणार आहे, पण तिच्या कानानं तिनं ऐकलं पाह्यजे."