पूर्वेचा गाल

अजूनही कुणी पत्ता विचारला, की माझी नजर आधी चामुंडीचा डोंगर शोधते. पुण्यात तो कुठून सापडणार! पण म्हैसूरच्या त्या एका वर्षानं लावलेली खोड आहे, आणि जित्याची खोड कुठे जाते?

मुलं ज्या भाषेत वाढतात, तिच्यामुळे त्यांना जागा कशा कळतात, कशा आठवतात – हा माझा अभ्यास. त्यासाठी मी तिथल्या एका बालवाडीत खेळ मांडायचे. टेबलावर हत्ती, गाय, कोंबडी अशी रांग. मुलानं ती बघायची, मग पाठ फिरवून मागच्या टेबलावर तशीच लावायची. झाडून सारी मुलं हत्ती पुन्हा आपल्या उजव्या हाताला ठेवायची. पाच वर्षांच्या पावनीनं तो डाव्या हाताला ठेवला. मी तर श्वासच रोखला...

"चुकली नाही हो ती," दारातून आवाज आला. "हत्ती पहिलाही डोंगराकडं होता, आताही डोंगराकडंच आहे. फिरली ती ही पोर. अल्वा, खरं की नाही?"

पावनीला न्यायला आलेला तिचा काका, विश्वेश. केसांवर भुरभुर पावसाचे थेंब, आणि डोळ्यांत भांडणाची तयारी.

"मी कुठे म्हटलं चुकली? महिनाभर मी हिचीच वाट बघतेय!"

"अय्यो..." तो ओशाळून हसला. त्या हसण्यानं मला पुढचा प्रश्न पार विसरायला लावला. मग आठवला. "घरी असं कोण बोलतं?"

"सगळेच. आमच्या घरात दिशाच बोलतात. या की घरी, बघा."

गेले. तीन पिढ्या म्हैसुरात मुरलेलं मराठी घर ते. विश्वेशच्या आई, कमलिनीबाई, जेवताना म्हणाल्या, "वल्लरी, उत्तरेची वाटी सरकव ग इकडं." मी भलतीच वाटी सरकवली. पावनी खुदकन हसली.

"आणि तुमच्या पूर्वेच्या गालाला तूप लागलंय," विश्वेश हळूच म्हणाला.

मी एक गाल पुसला. त्यानं मान हलवली. "म्हणजे कुठला हो?" म्हणत मी त्याच्याकडे वळले.

"आता उत्तरेचा झाला."

"एक काय ते ठरवा ना!"

"तुम्ही हलू नका मग... सुम्मने, गप बसा." त्यानं रुमाल पुढे केला – गालापर्यंत नाही, हातापर्यंतच. तेवढ्यानंही मी लाजले, आता लपवायचं कशाला!

अभ्यासाला लागणारं सगळं दोन-चार भेटींत मिळालं होतं. तरी दर रविवारी मी जात राहिले. दसऱ्याला बन्नीमंटपावर मशालींची कवायत बघायला आम्ही सगळे मिळून गेलो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

मग डिसेंबर आला. काम संपलं, पुण्याच्या कॉलेजात नोकरी ठरली. 'थांब' हा एक शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते, आणि विश्वेश आपला म्हणायचा, "पुण्यात हवा छान असते म्हणे." असा राग यायचा!

शेवटच्या रविवारी आम्ही घराच्या पायरीवर पूर्वेकडे तोंड करून बसलो होतो. मी त्याच्या उजवीकडे. समोर रांगोळीत पावनी. तिला किती आठवतंय ते बघावं म्हणून मी विचारलं, "दसऱ्याच्या मशाली कुठे होत्या ग?"

"उत्तरेला."

"मी कुठे बघत होते?"

"उत्तरेलाच. आज्जीपण. काका नाही. काका पूर्वेकडं बघत होता."

"पूर्वेला काय होतं?"

"तू."

विश्वेशचे कान लाल झाले. मी हसायला गेले, आणि डोळेच भरून आले.

"थांब कसं म्हणू?" तो पुटपुटला. "तुझं काम तिकडं... वल्लरी, सप्तपदी झाल्यावर बायको नवऱ्याच्या कुठं बसते, ठाऊक आहे?"

"तुमच्यात? कुठल्या दिशेला?"

"दिशेला नाही... डावीकडं."

इतक्या महिन्यांत तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"डोंगर इथंच राहणार," तो म्हणाला. "डावी बाजू माझ्याबरोबर पुण्यालाही येते. नोकरी मी तिकडं शोधीन. तू... बसशील?"

मी उठले, त्याला वळसा घातला आणि पलीकडे जाऊन बसले.

"आज्जी!" पावनी ओरडत आत पळाली. "वल्लरी मिस काकाच्या उत्तरेला बसली!"

कमलिनीबाई हात पुसत दारात आल्या. पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या आम्हा दोघांना त्यांनी एकदा नीट पाहिलं, आणि हसत साखरेचा डबा आणायला आत गेल्या.