धुतलेला खिसा

आर्जोसारी बसतळावरून फोन आला, तेव्हा उपनिरीक्षक वुलांदारीच्या हातातला घास तोंडापर्यंतही गेला नव्हता. डोंगरातल्या बातूला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या खिशात वाफेच्या सिगारेटची बॅटरी फुटली होती. बस अजून सुटायची होती म्हणून निभावलं. ड्रायव्हर हार्जोनोची, ज्याला सगळे आदराने 'पाक' म्हणत, डावी मांडी मात्र चांगलीच भाजली होती.

ती पोचेपर्यंत लोकांनी गुन्हेगारही ठरवून टाकला होता. बसतळासमोर वाफेच्या सिगारेटी विकणारा आणि दुरुस्त करणारा तेगार. हार्जोनोची बायको त्याच्या दारात उभी राहून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडत होती.

"जुन्या सेलला नवं आवरण चढवून विकतोस? माझ्या माणसाचा पाय घेतलास मेल्या!"

कोणीतरी दगड मारला. दुकानाची काच खळकन फुटली. वुलांदारीने बाईला इस्पितळात धाडलं, नवऱ्याजवळ, आणि तेगारला आत नेऊन बसवलं. चाळिशीचा माणूस, पण पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होता. माल नकली ठरला तर दुकान जाणार होतं आणि वर तुरुंग.

"काल त्याला काय विकलंस?"

"एक जादा सेल, बू," बाईसाहेब म्हणावं तसं तो अदबीने म्हणाला. "अस्सल. प्लास्टिकच्या डबीत घालून दिला. डबीशिवाय मी सेल देतच नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल."

"मुळात आला कशाला होता?"

"सिगारेटमधला रस गळतोय म्हणून. तिची टाकी अर्धीच भरून बातूचा घाट चढतो. वर गेलं की टाकीतली हवा फुगते आणि रस बाहेर ढकलते. त्यात रबरी कडी चिरलेली. जाकिटाचा उजवा खिसा त्या आंब्याच्या वासाच्या रसाने नुसता थबथबलेला! म्हटलं, पाक, मुंग्या लागतील."

"मग?"

"कडी बदलली. टाकी काठोकाठ भरा, उभी ठेवा, दहादा सांगितलं. ऐकतंय कोण?"

"बरं, चांगला सेल फुटतो कसा?"

तेगारने एक सेल पुढे धरला. "हा मधला उंचवटा म्हणजे एक टोक. बाकीचं सगळं अंग दुसरं टोक. मध्ये एवढंसं आवरण. ते वरच्या कडेला फाटलं आणि दोन्हींवर मिळून धातू टेकला, की संपलं."

हार्जोनोचं जाकीट बसमध्येच पडलं होतं. डाव्या खिशाची राख झालेली. त्यात काळा ठिक्कर सेल आणि हजार रुपियाचं जुनं नाणं. नाण्याची एक कड वितळली होती, दुसरी घासून घासून गुळगुळीत झाली होती. डबीचा पत्ता नव्हता.

उजवा खिसा शाबूत होता. वुलांदारीने तो उलटा करून नाकाशी नेला. साबणाचा वास. रसाचा डाग औषधालाही नव्हता.

इस्पितळात हार्जोनो छताकडे बघत पडला होता.

"डबी कुठे आहे, पाक?"

"नव्हतीच. सुटाच सेल दिला त्याने."

"सेल घेतल्यावर जाकिटाला कोणी हात लावला?"

"कोणी नाही."

"आणि ते नाणं?"

"माझंच. सुट्टे लागतात."

"भाडं तर कंडक्टर घेतो."

तेवढ्यात बायको पाणी घेऊन आली.

"अहो, बोलणं पुरे. रक्तदाबाची गोळी घ्या आधी." तिने पिशवीतून एक पारदर्शक डबी काढली. आत दोन लांबट गोल खाचा, त्यांत गोळ्या भरलेल्या.

"छान आहे हो डबी," वुलांदारी म्हणाली.

"ह्यांच्याच खिशात सापडली. झाकण कसलं घट्ट! सुरीच्या टोकाने उघडली. आतलं ते बॅटरीचं काहीतरी परत खिशात ठेवलं हं, टाकलं नाही."

"काल, जाकीट धुताना?"

"धुऊन वाळल्यावर. आंब्याने चिकट झालं होतं ना! आणि हे घरी आले तेच कुडकुडत, अंगात वारा शिरलेला. सकाळी म्हटलं, पाठीला तेल लावून नाण्याने घासून तो वारा काढून देते, तर थांबतायत कुठे? मग नाणं त्याच डाव्या खिशात टाकलं. कंडक्टर घासून देईल म्हटलं."

हार्जोनोचा चेहरा पडला. वुलांदारीने बाईला चहा आणायला पाठवलं आणि स्टूल ओढून बसली.

"उजवा खिसा काल तेगारने पाहिला तेव्हा रसाने भिजलेला होता, आज स्वच्छ आहे. म्हणजे सेल विकत घेतल्यावर जाकीट कोणीतरी धुतलं. डबी नव्हती म्हणता, ती समोर आहे. सुरीच्या टोकाने सेलचं आवरण फाटलं, आणि पाठीवर घासून झिजलेलं नाणं नेमकं तिथे टेकलं. तेगारचा माल चोख होता. खोटं बोललात ते तुम्ही, पाक. केव्हा कळलं तुम्हाला?"

"तुम्ही यायच्या आधी ती इथे आली आणि गोळी द्यायला डबी काढली, तेव्हाच. मग ती पाणी आणायला गेली." त्याने दाराकडे पाहिलं. "एकतीस वर्षं झाली लग्नाला. आपल्या हाताने नवरा भाजला हे कळलं, तर तिच्या घशाखाली घास उतरणार नाही. तेगार काय, दुसरं दुकान काढेल."

वुलांदारीला त्याची दया आली आणि त्याहून जास्त संताप आला. "तुरुंगात काढेल का दुकान?"

"मग लिहा, नाणं मीच ठेवलं. डबीही मीच उघडली. तिचं नाव नको."

"एका खोट्यावर दुसरं खोटं? माझ्या हाताने?"

दारात पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. बायको उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने नवऱ्याच्या पट्टी बांधलेल्या मांडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. ती रडेल असं वुलांदारीला वाटलं, पण ती रडली नाही.

"त्या माणसाची काच माझ्यामुळे फुटली?" तिने विचारलं.

तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला.

"अगं, कुठे निघालीस? उद्या मी स्वतः सांगतो सगळ्यांना..."

"तुम्ही पडून राहा." ती वुलांदारीकडे वळली. "माझा जबाब नंतर घ्या, बू. आधी मला बसतळावर सोडा. सकाळी ज्यांनी माझं ऐकलं, ते घरी जायच्या आत."