ऋचाचं वेल्स

ओमानमधल्या सहमहून मस्कतकडे निघालेल्या गाड्या त्या दुपारी वादीच्या अलीकडे जागच्या जागी थांबल्या. एरवी ही वादी म्हणजे दगडगोट्यांचं कोरडं पात्र. पण जानेवारीचा पाऊस डोंगरात सकाळपासून कोसळत होता आणि आता रस्त्यावरून तांबूस पाणी धडधडत वाहत होतं. पोलिसांनी जीप आडवी लावली होती. पाणी उतरेपर्यंत कुणी पलीकडे जायचं नाही.

किशोरी गाडीतून उतरली. मस्कतच्या अल घुब्रा भागातल्या जाफरभाईंच्या ट्रॅव्हल एजन्सीत ती काम करायची. सहमच्या एका कुटुंबाला त्यांचे पासपोर्ट पोचवून ती परत निघाली होती. हवेत ओल्या मातीचा वास होता, आणि या देशात तो इतका क्वचित मिळायचा की तिला आत बसवेना. आईला फोन करून तिनं उशीर होईल म्हणून सांगितलं.

"पाण्याचा धंदा माझा," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "आणि पाण्यानंच अडवलं बघा."

ती वळली. उंच, किंचित वाकून उभा राहणारा माणूस होता. कानशिलावर थोडे पांढरे केस, हातात थर्मासचं झाकण.

"तुमचं फोनवरचं बोलणं ऐकलं, म्हणून धीर केला. मी सलील. समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर इंजिनिअर आहे. चहा घ्याल? घरचा आहे, टपरीवरचा करक नाही."

"घरचा असेल तर नाही म्हणणार नाही," किशोरी म्हणाली.

चहात आलं जरा जास्तच होतं. ती तसं बोलणार होती, तेवढ्यात तिच्या गाडीच्या काचेला नाक लावून उभी असलेली छोटी मुलगी ओरडली, "बाबा, लुक... आईची कलरवाली घरं."

सीटवर किशोरीनं छापून घेतलेली चित्रं पडली होती. वेल्समधलं टेन्बी गाव, बंदराच्या काठावर गुलाबी, निळी, पिवळी घरं. उन्हाळी सुट्टीसाठी एजन्सी वेल्सच्या सहली काढणार होती आणि त्याची माहिती लिहायचं काम किशोरीकडे होतं.

"आई तिथं गेलीय का तुझी?" तिनं सहज विचारलं.

मुलीनं बाबांकडे पाहिलं. सलीलनं चहाचं झाकण हातात फिरवलं. "ऋचा तिकडेच, वेल्समध्ये कार्डिफला शिकायला होती. लग्नाआधी. त्या घरांचा फोटो आमच्या फ्रिजवर आहे. ईराला घेऊन जायचं ठरवलं होतं आम्ही... मग ती आजारी पडली. आता नाहीये ती."

किशोरी मुलीकडे वळली. ती म्हणाली, "ईरा... सुरेख नाव आहे."

"तिकडच्या भाषेत एइरा म्हणजे बर्फ. ऋचानंच ठेवलं." तो कसनुसा हसला. "ओमानात बर्फ. विचार करा."

पाणी उतरलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. गाडीत बसण्याआधी त्यानं एजन्सीचा पत्ता विचारला, आणि तो कार्डावर लिहून देताना किशोरीच्या लक्षात आलं की तो यावा असं आपल्याला वाटतंय.

तो आला. पुढच्याच आठवड्यात. तिघांची सहल हवी होती त्याला... तो, ईरा आणि ऋचाची आई. ऋचा गेल्यावर मधुवंतीकाकू पुण्याचं घर बंद करून अल हैलला त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या, ईराला सांभाळायला.

खरं तर एक-दोन भेटींचं काम. पण सलील येत राहिला, कधी ईराला घेऊन, कधी प्लांटवरून परस्पर, आणि किशोरीही काम पुरवून पुरवून करत राहिली. ईरासाठी तिनं किल्ले शोधले, डोंगरावर चढणारी वाफेची आगगाडी शोधली. काकूंच्या गुडघ्यांना झेपतील असे समुद्रकिनारे शोधले. तव्यावर भाजलेल्या, मनुका घातलेल्या गोड चकत्या कुठं चांगल्या मिळतात तेसुद्धा.

"स्वतः गेलायत कधी?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही. लोकांना पाठवते."

"आणि हे काय... लाकडी चमचा?"

"लव्हस्पून. पूर्वी तिकडची मुलं आवडलेल्या मुलीसाठी स्वतःच्या हातानं कोरायची. दांड्यावर बदाम, किल्ल्या, साखळ्या. एकसंध लाकडातनं. मुलीनं चमचा ठेवून घेतला की झालं."

"आणि कोरता येत नसेल त्यानं?"

"त्यानं बोलावं," किशोरी म्हणाली, आणि मग उगाचच कॉम्प्युटरवर काहीतरी शोधू लागली. जाफरभाई आपल्या केबिनमधून खोकले.

तिथल्या प्रेमिकांच्या संतिणीचीही गोष्ट तिनं त्याला सांगितली. ड्वीनवेन तिचं नाव. पंचवीस जानेवारीला तिचा दिवस पाळतात, जोडपी तिच्या बेटावर जातात. तिचं एका तरुणावर प्रेम होतं, पण लग्न व्हायचं नव्हतं. देवानं त्या तरुणाचा बर्फ करून टाकला आणि तिला तीन मागणी मागायला सांगितली. तिनं मागितलं, त्याला पुन्हा माणूस कर. खरं प्रेम करणाऱ्यांकडे लक्ष ठेव.

"आणि तिसरं?"

"माझं लग्न कधीच होऊ नये."

सलील खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "जोडप्यांना हे सगळं सांगता?"

"पहिली दोन सांगते."

तो हसला. पहिल्यांदाच मनापासून. ते हसू घेऊन किशोरी घरी गेली आणि आईनं दोनदा विचारलं तरी जेवणाला नाही म्हणाली.

घरी वेगळंच चाललं होतं. तिचे वडील, कृष्णकांत, निवृत्त होणार होते. ऑगस्टमध्ये भाड्याचा फ्लॅट सोडून आईवडील पुण्याला परतणार होते आणि किशोरीनंही यावं असं त्यांचं म्हणणं होतं. "तिशी उलटली तुझी, एकटी कुठं राहणार इथं?" आई म्हणायची. किशोरी अजून हो म्हणाली नव्हती.

मे महिन्यात ती काकूंच्या सह्या घ्यायला अल हैलला गेली. काकूंना जिने चढणं जमत नव्हतं, म्हणून तीच गेली. सलील कामावर होता. ईरा आत चित्र काढत होती. काकूंनी सावकाश सह्या केल्या, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "सलीलराव आवडतात तुला?"

किशोरीला खोटं बोलता आलं नाही. "हो काकू."

"त्यांनाही तू आवडतेस. मला दिसतं. फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतात." काकूंचा आवाज चढला नाही, कडवटही झाला नाही. "तू चांगली मुलगी आहेस. पण मला एक सांग. माझी लेक गेली. जावई आणि नात, एवढंच राहिलंय. उद्या या घरात दुसरी बाई आली, तर मी तिची कोण?"

किशोरीनं सह्यांचे कागद गोळा केले. आतून ईरा आली आणि तिला चिकटून उभी राहिली. "किशोरीआंटी, शीप कसा ड्रॉ करायचा?" काकूंनी मान फिरवली. त्यांचे डोळे भरले होते.

त्या रात्री किशोरीनं आईला सांगितलं, मी येते तुमच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी वेल्सचं काम तिनं जाफरभाईंच्या हवाली केलं. सलीलचे फोन आले, तिनं घेतले नाहीत. एकदा तो एजन्सीत आला तेव्हा ती मागच्या खोलीत बसून राहिली, आणि काचेच्या दारातून त्याची वाकलेली पाठ बाहेर जाताना तिला दिसली. आपण बरोबर केलं असं तिनं स्वतःला सांगितलं. पण बरोबर वागून इतकं दुखतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

जुलैच्या शेवटी, बाहेर ऊन भाजून काढत असताना, एजन्सीचं दार उघडलं आणि मधुवंतीकाकू आत आल्या. भिंतीला धरत, एकेक पायरी करत जिना चढून आल्या होत्या. किशोरी धावली, त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"वेल्सला आम्ही ऋचाच्या जुन्या घरमालकिणीकडे गेलो होतो," दम लागला होता तरी काकू बोलू लागल्या. "बेथन तिचं नाव. माझ्याएवढीच. भिंतीवर तिच्या मुलीचा फोटो होता. मुलगी गेली तिची, माझ्यासारखीच. आणि फोटोखाली एक बाई आम्हाला चहा ओतत होती. मला वाटलं, धाकटी लेक असेल. सलीलरावांनी विचारून सांगितलं, जावयाची दुसरी बायको. दर रविवारी येते म्हणे, म्हातारीला चर्चमध्ये नेते, जेवण करून घालते."

"काकू..."

"थांब, मला बोलू दे. मी बेथनला विचारलं, तुला राग नाही येत? सलीलरावांनाच इंग्रजीत सांगायला लावलं. बिचारे, कसं सांगितलं असेल त्यांनी. ती म्हणाली, पहिलं वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही. ती येतच राहिली." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "तू तर यायचीच थांबलीस."

किशोरीला रडू आवरेना.

"मी तुला जे विचारलं, त्याचं उत्तर तुझ्याकडं नव्हतं. कसं असणार? ते मीच द्यायला हवं. सलीलराव खाली गाडीत बसलेत, त्यांना बोलायचंय. जा. मी इथं जाफरभाईंचा चहा पिते."

सलीलनं तिला येताना पाहिलं आणि आतून दार उघडलं. आत एसीची थंड हवा होती. तो स्टिअरिंगकडे बघत होता.

"चमचा आणला नाही," तो म्हणाला. "दुकानं भरली होती. पण विकत घेतलेला द्यावासा वाटेना, आणि कोरता येत नाही. तू म्हणाली होतीस, मग बोलावं."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता.

"मग बोल ना."

"ऋचा माझ्या मनातून जाणार नाही, किशोरी. ते आधीच सांगतो. पण तू फोन घेणं बंद केलंस, त्यानंतर प्लांटवर, घरी, तिकडे डोंगरावरसुद्धा... मला कुणाला काही सांगावंसंच वाटेना. हे तुला सांगायचं होतं." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "माझ्याशी लग्न करशील?"

"ऋचानं जाऊ नयेच," ती म्हणाली. "ईराला तिची आई माहीत असली पाहिजे. मला तिची आई व्हायची घाई नाही." ती त्याच्याकडे वळली. "पण हो. करेन."

त्यानं तिचा हात हातात घेतला. फक्त घेतला, आणि धरून ठेवला.

त्याच संध्याकाळी किशोरीनं आईवडिलांना सांगितलं. आईनं आधी ईराचं वय विचारलं, मग म्हणाली, तिला एकदा घेऊन ये. शुक्रवारी किशोरी अल हैलला जेवायला गेली. काकूंनी डाळिंब्यांची उसळ केली होती. ईरा बाबांच्या मांडीवरून उतरून किशोरीच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"बाबा म्हणाले, तू आता इथे राहणार," ती अडखळत मराठीत म्हणाली. "मग मी तुला काय म्हणू? आंटी नको. आंटी तर सगळ्याच असतात."

सलील आणि किशोरीनं एकमेकांकडे पाहिलं. "तुला काय आवडेल?" किशोरीनं विचारलं. "नुसतं किशोरी म्हटलंस तरी चालेल."

"मोठ्यांना नावानं हाक मारायची नसते," काकू म्हणाल्या. त्या उसळ वाढत होत्या, मान वर न करता. "मावशी म्हण."

"मावशी म्हणजे?"

"आईची बहीण."

वाढणारा हात क्षणभर थांबला. मग काकूंनी किशोरीचं ताट आपल्याकडे ओढलं आणि त्यात आणखी एक पळी घातली.

"खा पोटभर," त्या म्हणाल्या. "किती वाळलीस गं, बाळा."