सहावा उपग्रह कुठे गेला?

सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप शाबूत होतं आणि आतल्या सहा छोट्या उपग्रहांपैकी एक गायब होता.

"संध्याकाळी ट्रक निघतो, अक्का," प्रकल्पप्रमुख बाई म्हणाल्या. "पोलिसांत गेले तर उड्डाण हुकेल."

अक्का खासगी तपास करायची. धाकटा भाऊ नाना गाडी चालवायचा आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. दोन्ही अगदी मनापासून.

"आणखी काय गेलंय?" अक्काने विचारलं.

"उपग्रहांना धूळ लागू नये म्हणून घालतो त्या पारदर्शक पिशव्या. दोन."

किल्ल्या बाईंखेरीज दोघांकडेच होत्या. आधी रेडिओवाले काका आले, ते तणतणतच.

"मी चोर? अहो, सौर वादळ उठलं की सूर्य रेडिओलहरी सोडतो. त्या ऐकायला सहाही उपग्रह मिळून एक कान होतात. एकटा काय कामाचा? बाजारात भंगार!"

"हाच," नाना कुजबुजला. "केवढा चिडलाय बघ."

मग जोडणी करणारी अभियंता आली. सगळे तिला सूनबाईच म्हणत, कारण ही मोहीम जिला सुचली त्या शास्त्रज्ञ बाईंची ती सून. सासूबाई गंभीर आजारी होत्या, हॉस्पिटलच्या निर्जंतुक खोलीत.

"भेटायला जातेस?" अक्काने विचारलं.

"छे! आमचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य." ती हात चोळत होती. हात लालबुंद, सालपटं निघालेले.

"इथे तर हातमोजे घालता ना?"

"कायम."

"सासूबाईंची काळजी वाटत असेल तरी."

"आता कसली काळजी? आज सकाळी नाकातली नळी काढली त्यांची."

अक्का प्रकल्पप्रमुख बाईंकडे वळली. "हिच्या सासूबाईंना उपग्रह बघायचा होता का?"

"फार. ही विचारायला आली होती. मी नाही म्हटलं. नियम आहेत."

अक्का सूनबाईच्या शेजारी जाऊन बसली. "विकणाऱ्याने एकच उपग्रह नेला नसता, आणि नेलाच असता तर दोन-दोन पिशव्यांत जपून कशाला? त्याला धूळ लागू नये आणि त्याच्यापासून कुणाला जंतू लागू नयेत, अशा जागी तो गेलाय. आत जाताना हात कोपरापर्यंत घासावे लागतात तिथे. आणि पोरी, भेटायला जात नाहीस, तर आज सकाळी नळी काढलेली तुला कशी कळली?"

सूनबाईला रडू कोसळलं. "लगेच परत आणणार होते. पण सासूबाई त्याला कुशीत घेऊन झोपल्या. कित्येक दिवसांनी डोळा लागला होता, अक्का. माझ्याने काढून घेववेना."

नानाने गाडीची किल्ली काढली.

हॉस्पिटलच्या काचेपलीकडे सासूबाई जाग्या होत्या. पिशवीवरून हात फिरवत होत्या, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. प्रकल्पप्रमुख बाईंना पाहून त्यांनी काचेबाहेर बोलायचा भिंतीवरचा फोन उचलला.

"सुनेला ओरडू नकोस हं," आवाज क्षीण होता. "माझं तिचं पटत नाही, पण पोर माझी आहे."

बाईंनी काचेवर तळवा टेकला. नियमाचं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि नुसतीच मान डोलावली. मग सूनबाईला म्हणाल्या, "जा, हात धुऊन आत जा. घाई करू नकोस. ट्रकचं मी बघते."

नाना डोळे पुसायला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.