त्रामीतला चौथा वाटा

वरात सोपोरहून दुपारी यायची होती. जरीफाला सकाळपासून एकच घोर लागला होता. लेकीच्या, शाइस्ताच्या सासरी जेवणात काही कमी पडलं असं कुणी म्हणता कामा नये. मोठ्या जावेच्या, हमीदाच्या मुलीला लग्नानंतर चार वर्षांनीही सासू विचारायची, "तुमच्याकडच्या रिस्त्यात मटणाचे गोळे होते की नुसता रस्सा?" आपल्या पोरीला असं काही ऐकावं लागू नये, म्हणून जरीफाने आचाऱ्याला छत्तीस पदार्थ सांगितले होते.

आदल्या दिवशीच्या मेंदीच्या जेवणाचं बरंच उरलं होतं. चौघाचौघांत एक त्रामी, तांब्याचा मोठा थाळा. मटण पाहुणे पिशव्यांतून घरी नेतात, भात मात्र ढिगांनी मागे राहतो. तो वरातीच्या नजरेस पडू नये, म्हणून बागेच्या टोकाला अक्रोडाखाली खड्डा करून टाकायला तिने सांगितलं.

मुख्य आचारी सोनउल्ला वस्ता चुलाण सोडून धावत आला. तो तिला बहीण मानून बेनी म्हणायचा.

"बेनी, तिथे नको."

"मग काय डोक्यावर घेऊन बसू?"

"गरिबाला दे, कुत्र्याला घाल. पण तिथे नको. पणजोबांच्या वेळच्या दुष्काळात तिथे माणसं पुरलीत. उपाशी पुरलीत गं. त्यांना भाताचा वास देऊ नये."

"वस्ता, तू गुश्ताब्याचं मटण कूट. भुतांचं मी बघते!"

बायका खो खो हसल्या. भाताच्या दोन गाड्या खड्ड्यात रिकाम्या झाल्या.

वरात जेवली आणि तृप्त झाली. शाइस्ताची सासू जरीफाचा हात धरून म्हणाली, "असं जेवण आमच्या सात पिढ्यांनी पाहिलं नव्हतं." जरीफाचा जीव भांड्यात पडला. पाहुण्यांमागे पुन्हा भाताचे ढीग राहिले, तेही अक्रोडाखाली गेले.

शेवटी घरच्या बायका बसल्या. जरीफा, हमीदा आणि जरीफाची राहती नावाची धाकटी बहीण, अशा तिघीच उरल्या होत्या. त्रामीची चौथी बाजू रिकामी राहिली. ढग उतरून आले होते. मांडवाचं कापड मघापासून फडफडत होतं, ते एकदम थांबलं. ओल्या मातीचा वास आला. पाऊस तर पडला नव्हता.

जरीफाने झाकण काढलं. तिघींनी आपापल्या बाजूने खायला सुरुवात केली. थोड्या वेळाने हमीदाचा हात थांबला.

"जरीफा… तिकडचा भात बघ."

चौथ्या बाजूच्या भाताला खळगा पडला होता. बोटांनी उकरल्यासारखा. त्या पाहत होत्या आणि खळगा खोल होत चालला होता. घासामागून घास, अगदी घाईघाईने. मटणाच्या तुकड्यांना धक्कासुद्धा लागत नव्हता. नुसता भात जात होता. मग तांब्यावर नखं घासल्याचा आवाज आला.

"कोण… कोण आहे?" राहती पुटपुटली.

हमीदाच्या पुढ्यातला भात हलू लागला.

तिघी उठून पळाल्या. बाहेर शाइस्ताच्या पाठवणीची गडबड चालली होती, रडणं चाललं होतं. जरीफाने ओठ घट्ट मिटले. आज, या घडीला असलं काही बोलायचं? पोरीच्या सासरचे काय म्हणतील? नवरीसोबत पाठराखीण म्हणून हमीदा जायची होती, पण तिला हुडहुडी भरली होती, उभंही राहवत नव्हतं. "आम्ही सांभाळू," असं म्हणून सासूने शाइस्ताला एकटीलाच गाडीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. सासूच होती. आवाजात कालचा गोडवा नव्हता.

"जरीफाबहेन, रागावू नका. पण तुम्ही सोबत पाठवलेली ती म्हातारी… तिला परत कधी बोलावताय?"

जरीफाने चुलीजवळ बघितलं. तिथे हमीदा कांबळं पांघरून कण्हत पडली होती.

"कोण… म्हातारी?"

"गाडीतून उतरली ना सुनेबरोबर! आम्हाला वाटलं, शेवटच्या घडीला तुम्हीच बसवलीत. तिच्याच त्रामीवर जेवायला बसते. तीनदा भात वाढला आम्ही, तीनदा ताट चाटून मोकळं. सुनेच्या वाट्याचाही खाते. मटणाला हात लावत नाही. नाव विचारलं तर तोंडात घास असतो. तुमच्याकडे माणसांना खायला घालत नव्हते का हो?"

"जरा… शाइस्ताला द्या."

"अम्मी," शाइस्ताचा आवाज अगदी खोल गेलेला.

"जेवलीस ना बाळा?"

"भूक लागलीय गं अम्मी. घास उचलते… तो तोंडापर्यंत येतच नाही."

तिच्यामागे तांब्यावर काहीतरी सावकाश घासत होतं.

"मी निघाले, आत्ता निघाले," जरीफा ओरडली. "तू तिच्याजवळून ऊठ!"

पण फोन पुन्हा सासूच्या हातात गेला होता. ती आता खालच्या आवाजात बोलत होती.

"याल तेव्हा तांदूळ घेऊन या. आमचा संपला. आणि हो… पहाटेपासून अंगणात आणखी सात-आठ जणी येऊन बसल्यात, ताटाची वाट बघत. त्याही तुमच्याकडच्याच ना?"